पाणी विचारणारा पाहुणा

‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण परभणीकरांना कुणी ऐकवावी लागत नाही. ते स्वतःच ती पाहुण्याला हसत हसत सांगतात. कुठेच जमले नाही तर शेवटी परभणी आहेच, असा तिचा अर्थ. तिच्या जोडीला दुसरी एक आहे, ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’. एकीत स्वतःची थट्टा, दुसरीत ऐट. सुट्टीला परभणीला या, असे मात्र दोन्हींत कुठेच म्हटलेले नाही. त्यामुळे पर्यावरणाचे भान ठेवून करायचा प्रवास आणि सुट्ट्या या विषयावरचा लेखसंग्रह परभणी जिल्ह्यातून निघतो आहे, त्याला प्रस्तावना लिहा, असा निरोप आला तेव्हा माझा पहिला प्रश्न होता : इथे येते कोण?

हस्तलिखित वाचून झाल्यावर तो प्रश्न मला लाजिरवाणा वाटू लागला. जिथे सगळे जातात, त्या महाबळेश्वर-लोणावळ्यात आता झालेली पडझड आवरणे एवढेच हाती उरले आहे. परभणीला अजून सगळे ठरवता येते. कुणी यावे, कसे यावे, किती दिवस राहावे आणि आल्यावर काय मागू नये, हे गर्दी होण्याआधी ठरवायची संधी फार थोड्या जिल्ह्यांना मिळते. ती परभणीला मिळाली आहे, आणि ती फार वर्षे राहणार नाही.

मराठवाड्यात ‘पाणी विचारणे’ हा पाहुणचाराचा पहिला अध्याय. दारात आलेल्याला आधी तांब्याभर पाणी, मग नाव-गाव. ‘साधे पाणीसुद्धा विचारले नाही’ एवढी तक्रार वर्षानुवर्षांचे संबंध तोडायला पुरते. पण एप्रिल २०१६ मध्ये परभणीच्या शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, आणि या शब्दाला दुसरी बाजू फुटली. आता पाहुण्यानेही पाणी विचारायला हवे. तुमच्याकडे पाणी किती, ते येते कुठून, माझ्या अंघोळीने कुणाचा हंडा रिकामा तर राहणार नाही? या विषयावर जगभर जे लिहिले गेले आहे त्याचे सार मला या तीन प्रश्नांत दिसते. हा संग्रहही त्यांच्याभोवतीच फिरतो.

या विषयाची इंग्रजी पुस्तके बहुधा ५ जुलै १८४१ पासून सुरू होतात. त्या दिवशी थॉमस कुकने लेस्टरहून लफबरोला रेल्वेने एक मोठी सहल नेली, आणि प्रवास ही दुकानातून विकत घ्यायची वस्तू झाली. आपल्याकडची गोष्ट त्याच्या सहाशे वर्षे आधी गोदाकाठी सुरू होते. तेराव्या शतकात महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी या खोऱ्यातून पायी हिंडत होते. ते कुठल्या देवळात उतरले, कुठल्या झाडाखाली बसले, याची नोंद त्यांच्या अनुयायांनी इतकी जिवापाड ठेवली की पुढे चौदाव्या शतकात मुनिव्यासांनी ‘स्थानपोथी’ लिहिली. गावे, देवळे, दिशा, अंतरे : मराठीतली पहिली वाटाड्यापोथीच म्हणा. त्याच परंपरेतल्या ‘लीळाचरित्रा’त शिकाऱ्यांच्या भीतीने पळत आलेला ससा चक्रधरांच्या मांडीखाली आसरा घेतो आणि शिकारी त्याला सोडून देतात. फिरस्त्याच्या येण्याने त्या रानातल्या एका जिवाचा त्रास कमी झाला, वाढला नाही. आजच्या भाषेत जबाबदार प्रवासाची याहून नेटकी व्याख्या मला सापडलेली नाही.

दुसरा धागा वारीचा. शेगावहून पंढरपूरला निघणारी गजानन महाराजांची पालखी परभणी, गंगाखेड करत परळीकडे जाते. या जिल्ह्यातल्या अनेक पिढ्यांनी ‘प्रवास’ म्हणून पहिल्यांदा पाहिली ती हीच शिस्तीत चालणारी रांग. वारीची व्यवस्था नीट पाहिली तर तिच्यात एक हिशेब दडलेला आहे. एका गावी एक मुक्काम, सकाळी पुढचे गाव. भाकरी गावची, पाणी गावचे, आणि कुठल्याच गावावर ओझे दुसऱ्या रात्री राहत नाही. पर्यटनशास्त्र ज्याला वहनक्षमता म्हणते ती वारीने चालत्या पायांनी सांभाळली. अर्थात वारीलाही काळाची झळ लागली. माणसे वाढली, द्रोण-पत्रावळीच्या जागी प्लॅस्टिक आले, आणि आळंदी-देहूच्या पालखीमार्गांवर ‘निर्मल वारी’चा उपक्रम काढून फिरती शौचालये उभारावी लागली. जुने ते सगळे निर्मळ होते, अशी समजूत करून घेण्यात अर्थ नाही. जुन्या प्रवासाचे ओझे कमी होते, कारण माणसे कमी होती आणि सामान पानाफुलांचे होते.

विसाव्या शतकाच्या तोंडावर निजामाच्या राज्यात हैदराबाद-मनमाड रेल्वे झाली. पुढे पूर्णा आणि परभणी ही जंक्शने उभी राहिली. यात्रेकरू नांदेडला, परळीला, पंढरपूरला जाताना परभणीच्या फलाटावर गाडी बदलू लागले. परभणी तेव्हापासून लाखो लोकांनी पाहिलेली आहे, पण फलाटापुरतीच.

पर्यटन हे पृथ्वीला जड जाऊ लागले आहे, हे जगाच्या ध्यानात आले ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, विमाने स्वस्त झाल्यावर. तिथून या विषयात जे विचारप्रवाह निघाले ते नवख्या वाचकाने एकदा ओळखून घ्यावेत, कारण बाजारात सगळ्यांवर एकच हिरवी चिठ्ठी चिकटवलेली असते.

पहिला प्रवाह निसर्ग पर्यटनाचा. १९८३ मध्ये मेक्सिकोचे वास्तुविशारद एक्तोर सेबायोस-लास्कुराइन यांनी ‘इकोटुरिझम’ हा शब्द रूढ केला. जंगल, पक्षी, पाणथळ पाहायला येणाऱ्याने पैसा आणावा आणि त्या पैशाने जंगल टिकावे, ही मूळ कल्पना. कोकणात वेळासला ती फळली. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून तिथे समुद्री कासवांची अंडी वाचवली. पुढे पिल्ले समुद्राकडे जाताना पाहायला लोक येऊ लागले, गावातल्या घरांत उतरू लागले, गावच्या बायकांच्या हातचे जेवू लागले. कासव जिवंत असण्यात गावाचा फायदा दिसला. पण हीच कल्पना गर्दीला विकली की काय होते, ते कास पठाराने दाखवले. २०१२ मध्ये पश्चिम घाट जागतिक वारशात गेला आणि कासची फुले पाहायला रीघ लागली. रोजच्या माणसांवर मर्यादा आली, नावनोंदणी आली, कुंपण आले. कुंपणाने गुरांची चराई थांबली. चराई थांबली की गवत माजते आणि फुले दबतात, अशी ओरड झाली, आणि शेवटी कुंपण काढावे लागले. फुलांच्या रक्षणात गुराख्याचाही वाटा असतो, हा धडा त्यातून मिळाला.

दुसरा प्रवाह जबाबदार पर्यटनाचा. २००२ च्या केपटाउन जाहीरनाम्याने त्याला आकार दिला. गाव आधी तिथल्या माणसांना राहायला बरे व्हावे, मग पाहुण्याला पाहायला, असा त्याचा क्रम. केरळने २००८ पासून कुमरकोममध्ये तो प्रत्यक्षात आणला : हॉटेलांना भाजी, अंडी, दूध स्थानिक महिला गटांनी पुरवायचे. निसर्ग पर्यटन विचारते, रान टिकले का? जबाबदार पर्यटन त्याच्यापुढे विचारते, रुपया कुणाच्या कनवटीला गेला?

तिसरा प्रवाह खास मराठी मातीचा, कृषी पर्यटनाचा. बारामतीजवळ पांडुरंग तावरे यांनी २००५ च्या सुमारास त्याला संस्थेचे रूप दिले, आणि २०२० मध्ये राज्याने कृषी पर्यटनाचे धोरण आणले. चौथा प्रवाह निर्बंधांचा. माथेरानमध्ये मोटारींना बंदी आहे. अजिंठ्याला खासगी गाड्या फर्दापूरच्या फाट्यावरच थांबतात आणि पुढचे चार किलोमीटर आतल्या बसने जावे लागते. आपल्याला मोकळे सोडले तर आपण लेण्याच्या तोंडाशी गाडी लावू, हे ओळखून केलेली ही व्यवस्था आहे.

पाचवा प्रवाह सर्वांत अवघड आणि सर्वांत ताजा. तो म्हणतो, गोणपाटाच्या पिशव्या आणि सौरदिवे ठीक आहेत, पण तुम्ही आलात कशाने? २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासाने हरितगृह वायूंपैकी सुमारे ८ टक्के पर्यटनाच्या नावावर मांडले, आणि त्यात वाहतुकीचा वाटा मोठा आहे. म्हणून जवळ जा, सावकाश जा, कमी वेळा जा आणि जास्त दिवस राहा, असे हा प्रवाह सांगतो. युरोपात त्याला नवे नाव आहे. आपल्याकडे ‘उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाच्या गावाला’ म्हणत. रेल्वे किंवा एस.टी., पिशवीत दशम्या आणि धपाटे, आणि एकाच गावी महिनाभर मुक्काम. यापेक्षा कमी धुराची सुट्टी अजून कुणी शोधलेली नाही.

हे पाचही प्रवाह परभणीच्या नकाशावर ठेवून पाहिले की ते एकमेकांना भिडतात, आणि हा संग्रह तिथेच वाचनीय होतो.

जिल्हा तसा तीन नद्यांचा : गोदावरी, पूर्णा, दुधना. उत्तरेला जिंतूरकडे अजिंठ्याच्या रांगांचे शेवटचे उंचवटे, दक्षिणेला गंगाखेड-पालमकडे बालाघाट, मध्ये काळी कापसाची जमीन. १ मे १९९९ ला हिंगोली वेगळा झाला आणि औंढा नागनाथ, नर्सी नामदेव ही मोठी नावे नकाशातून गेली. राहिली ती बहुतेकांना माहीत नसलेली ठिकाणे. चारठाण्याची मंदिरे आणि तिथला उंच कोरीव स्तंभ. जिंतूरजवळची नेमगिरीची जैन लेणी. धारासूरचे गुप्तेश्वर. पुरात पाण्याखाली जाणारे, गोदेच्या पात्रातले मुद्गलेश्वर. संत जनाबाईंचे गंगाखेड. परळीच्या रेल्वेमार्गावर स्थानकाच्या नावातच देव असलेले पोखर्णी नृसिंह. फेब्रुवारीत परभणीला भरणारा सय्यद शाह तुराबुल हक यांचा उरूस, जिथे सगळ्या धर्मांची माणसे पाळण्यांत बसतात आणि खाजा घेऊन घरी जातात.

बारवांविषयी, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरींविषयी, थोडे अधिक सांगायला हवे. वालूर, चारठाणा, पिंगळी इथल्या बारवा म्हणजे खाली उतरत जाणारी दगडी वास्तूच. वालूरच्या बारवेत पायऱ्या चक्राकार फिरत पाण्यापर्यंत जातात. वर्षानुवर्षे ती गाळाने आणि कचऱ्याने भरलेली होती. गावकऱ्यांनी श्रमदान करून ती उपसली, आणि पाणी पुन्हा दिसले. पाहणारे त्यानंतर आले. आधी पाणी, मग पाहुणे, हा क्रम वालूरने कुठलाही जाहीरनामा न वाचता पाळला. बारव हे प्रेक्षणीय स्थळ आहेच, पण त्याआधी ती गावची पाण्याची सोय आहे. पायऱ्यांवर बूट घालून फोटो काढणाऱ्याला हे कळावे, एवढी माझी अपेक्षा आहे.

येलदरीला प्रश्न निराळा आहे. पूर्णेवरचे हे धरण म्हणजे सिंचन, वीज आणि पिण्याचे पाणी. हिवाळ्यात तिथे पक्षी पाहायला जावे, पण बोटी, रोषणाई आणि गाण्यांची केंद्रे काढायची टूम निघाली तर पक्षी सांगून जात नाहीत, गुपचूप जातात. आणि पालम तालुक्यातले जांभूळबेट तर या विषयाची परीक्षाच आहे. गोदावरीच्या पात्रातले हे झाडीचे नैसर्गिक बेट, आणि त्याचे काठ पाण्याने खचत आहेत. लोकांनी बेट पाहिले नाही तर ते वाचवायला कुणी बोलणार नाही. लोकांनी फार पाहिले तर बेटच उरणार नाही. झिजणाऱ्या बेटाला किती पावले सोसतात, या प्रश्नाचे उत्तर निसर्ग पर्यटन एक देते, निर्बंधवाले दुसरे. नावाडी काय म्हणतो, हे ऐकूनच ठरवावे, असे मला वाटते.

हुरड्याचीही हीच गत आहे, आणि इथे मला माझ्याच अपराधाची कबुली द्यायची आहे. हुरडा ही मराठवाड्याची हिवाळी सुट्टी. ज्वारीची कोवळी कणसे, शेणाच्या गोवऱ्यांची आगटी, चटणी, दही, गूळ. परभणीच्या कृषी विद्यापीठाने तर खास हुरड्यासाठी ‘परभणी वसंत’ नावाचे वाण काढले आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही चाळीस जण एका नातलगाच्या शेतात हुरड्याला गेलो. प्लॅस्टिकचे पेले, थर्माकोलच्या ताटल्या, सातआठ गाड्या. प्लॅस्टिक-थर्माकोलवरची २०१८ ची बंदी तेव्हा लागू झाली होती, पण शेतात कोण बघते! संध्याकाळी वारा सुटला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या शेतकऱ्याने आपल्या कापसाच्या ओळींतून वेचलेल्या ताटल्या एका पोत्यात भरून नातलगाच्या दारात ठेवल्या. तो काहीच बोलला नाही. पोते मात्र शिवून आणले होते, प्रवासात उघडू नये म्हणून. त्या शिवणीची आठवण मला कुठल्याही भाषणापेक्षा जास्त टोचते.

शेतात जायची नीट रीतही जवळच आहे. लातूर-धाराशिवकडे येळवस, म्हणजे वेळा अमावस्या, साजरी होते तेव्हा अख्खी गावे शेतात जातात. भज्जी, आंबील, उंडे घरून नेतात आणि वाटेने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही जेवायला बसवतात. गडगंज रिसॉर्टला हे जमणार नाही. कृषी पर्यटन यशस्वी करायचे असेल तर नमुना इथे आहे : मालक स्वतः शेतात असतो, अन्न त्याच मातीचे असते, आणि सूर्य मावळला की सगळे उठतात.

हे सारे आत्ताच का लिहायचे? कारण दार ठोठावले जाऊ लागले आहे. जानेवारी २०२० मध्ये साईबाबांचे जन्मस्थान मानल्या जाणाऱ्या, याच जिल्ह्यातल्या पाथरीसाठी शंभर कोटींची घोषणा झाली, आणि शिर्डीने बंद पुकारला. जन्मस्थान कुठले, या वादात मला पडायचे नाही. पण यात्रेकरू कुणाचे यावर दोन गावे भांडत असताना त्या यात्रेकरूंच्या पाण्याची, सांडपाण्याची आणि कचऱ्याची सोय कशी होणार, ही चर्चा मी तरी ऐकली नाही. आता रस्ते रुंद होत आहेत, मोबाइलवर एका रात्रीत एखादी बारव प्रसिद्ध होते. आणि हवामान कुणाची वाट पाहत नाही. एका वर्षी पाण्याची रेल्वे येते, तर सप्टेंबर २०२५ मध्ये गोदाकाठची शेते पुराखाली जातात. अशा प्रदेशात किती पाहुणे झेपतील याचा आकडा दर हंगामाला बदलतो. कायमचा फलक लावून तो सांगता येत नाही.

या संग्रहाला प्रवास-मार्गदर्शिका व्हायचे नाही. हॉटेलांची यादी, खोल्यांचे दर इथे सापडणार नाहीत. शिक्षक, शेतकरी, पक्षी पाहणारे, देवळांचे अभ्यासक अशा निरनिराळ्या हातांचे हे लेखन आहे, आणि ते एकमेकांशी नेहमी सहमत नाही. कुणाला जांभूळबेटावर रोज एक नाव हवी आहे, कुणाला वर्षातून चार महिने बेट बंद हवे आहे. संपादकांनी ही भांडणे मिटवली नाहीत, हे त्यांचे शहाणपण. पुस्तकाचा प्रयत्न एवढाच की परभणीला येणाऱ्याने आणि परभणीत राहणाऱ्याने एकाच पानावर हिशेब मांडावा : आणले काय, नेले काय, मागे ठेवले काय.

एक उणीव मला जाणवली, ती सांगून टाकतो. दिवाळीच्या सुमारास याच जिल्ह्याच्या रस्त्यांवरून ऊसतोड कामगारांच्या गाड्या पश्चिमेकडे जातात. पोरेबाळे, भांडी, चुलीचे दगडसुद्धा सोबत. जिल्ह्यातला एक मोठा प्रवास हाच आहे, आणि तो सुट्टीचा नाही. गावात पाणी आणि काम टिकले तर यांतले काही घरी थांबतील. पाहुण्याच्या खिशातला रुपया तिथपर्यंत पोचतो का, यावर एक लेख पुढच्या आवृत्तीत यावा.

हे लिहायच्या आधी मी एका बारवेच्या गावी जाऊन आलो. गाव मोठे नाही. एका ओसरीवर टेकलो, तर आतून एका मावशींनी तांब्या-फुलपात्र आणून पुढे ठेवले. या पुस्तकाची सवय ताजी होती म्हणून मी पिण्याआधी विचारले, ‘मावशी, उन्हाळ्यात पाणी पुरते का हो?’ त्या थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग दाराला टेकून खाली बसल्या. आड कधी आटला, टँकर किती वर्षे आला, बारव उपसताना पहिले पाणी कुणाच्या डोळ्यांना दिसले, सुनेला माहेरी का जावे लागले होते, सारे सांगत गेल्या. उठलो तेव्हा ऊन उतरले होते. मी बारव पाहिलीच नव्हती, आणि गाव मात्र बरेच पाहून झाले होते.

वाचकाने परभणीला यावे ते असे, तांब्या ओठाला लावण्याआधी एक प्रश्न विचारून.

परभणी
मकर संक्रांत